चतुराच्या शेपटीचा दोरा

चि. छोट्या बाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. तुझ्या अंगणवाडीतल्या मुलाने चतुराच्या शेपटीला दोरा बांधला, तू रागावलीस आणि दुसऱ्या दिवशी तोच खेळ भिंतीमागे सुरू झाला, हे वाचून मला माझे नोकरीतले पहिले वर्ष आठवले. त्या वेळी अशाच एका मुलाच्या हातावर मी फटका मारला होता आणि त्यातून मुले फक्त लपायला शिकली.

चार वर्षांच्या मुलाच्या या खेळात दुष्टावा क्वचितच असतो. समोरच्या जिवाला स्वतःचा काही दिनक्रम आहे, हे त्याला कोणी दाखवलेले नसते. ‘पाप लागेल’ म्हटल्याने भीती बसते, चतुर मात्र दिसत नाही. म्हणून आधी चतुर दाखव. त्याचे बालपण पाण्यात जाते. डबक्यात, भातखाचरात त्याची पिल्ले डासांच्या अळ्या खातात आणि पंख फुटल्यावर तोच उडता उडता डास पकडतो. हे सांगून झाले की ‘दोरा बांधलेला चतुर जेवेल कसा?’ एवढेच विचार आणि उत्तराची घाई करू नकोस.

वर्गात अळी पाळण्याचा तुझा बेत चांगला आहे. कढीलिंबावरची अळी आण, रोज ताजी पाने दे, फुलपाखराचे पंख वाळले की त्याला सोडून दे. सुट्टी लागून असेल तर मात्र आणूच नकोस. मी एकदा रविवार विसरले आणि सोमवारी बरणीत अळी मेलेली सापडली. ती लपवून टाकण्याचा मोह झाला होता. शेवटी मुलांसमक्ष केळीच्या बुंध्याशी पुरली आणि चूक बाईंची होती, असे सांगितले.

मुंगी मारू नये असे शिकवायचे आणि घरी बोंबील खायचे, हे मुलांना कसे पटवावे, असे तू विचारतेस. हे खरे अवघड आहे, आणि खोटे बोलून तर मुळीच पटवू नकोस. कोळ्यांच्या मुलांपुढे मासेमारीला वाईट म्हणणे हा त्यांच्या आईबापांचा अपमान ठरेल. त्यापेक्षा 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत बाबांची यांत्रिक होडी किनाऱ्यावर का असते, हे त्यांनाच घरी विचारून यायला सांग. समुद्र खवळलेला असतो हे एक कारण कळेल. तो अनेक माशांच्या विणीचा काळ असतो हे दुसरेही एखादी आजी सांगेल. घ्यायचे, पण कधी थांबायचे तेही ठरवायचे, हा व्यवहार त्या घरांत आधीपासून आहे. तुला तो फक्त वर्गात आणायचा आहे.

आणि पुढच्या नागपंचमीला दूध पिणाऱ्या नागाचे चित्र रंगवायला देऊ नकोस. साप दूध पिऊन जगत नाही. उंदीर, बेडूक हे त्याचे अन्न. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही चारही विषारी मंडळी आपल्याकडे आहेत, तेव्हा साप दिसला की मागे सरून मोठ्यांना हाक मारायची, एवढे पक्के करून घे. काही जिवांशी नाते दूर उभे राहूनच ठेवायचे असते, हे लहान मुलांना आपल्यापेक्षा लवकर समजते.

दोरा बांधणाऱ्या त्या मुलाला मात्र उद्याच खाचराच्या बांधावर ने. पाण्याबाहेरच्या काड्यांना चिकटलेली चतुराची रिकामी कात शोधायचे काम त्याच्याकडेच दे. त्याची नजर तीक्ष्ण असणार, नाहीतर चतुर हाती लागला नसता.

तुझी,
बाई