साडेपाच वर्षांच्या खंडानंतर ट्रायथलॉन: चार महिने पुरतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४२, राहायला नाशिक, २०१८-१९ मध्ये दोन ट्रायथलॉन पूर्ण केल्या, त्यानंतर साडेपाच वर्षं जवळपास काहीच नाही. चार महिन्यांनी एक हाफ आहे (१.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं), तर नाव घालू का? आणि जुना ट्रायसूट (पोहणं, सायकल, धावणं तिन्हीत चालणारा एकच घट्ट पोशाख) बसत नाही, नवा घेऊ का?

नाव घालू नका. हाफला तरी नाही. चार महिन्यांत ऑलिंपिक अंतर, म्हणजे दीड किलोमीटर पोहणं, चाळीस सायकल, दहा धावणं, होऊ शकेल. त्याआधी एखादी स्प्रिंट (७५० मीटर, २०, ५) मिळाली तर उत्तमच. हाफ पुढच्या वर्षी बघा. सूटचं शेवटी सांगतो.

हे सगळं मी स्वतः आपटून शिकलोय. मी सातपूरला एका कारखान्यात टूलरूम सांभाळतो, वय ४६. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्याला पहिल्यांदा आयर्नमॅन ७०.३, म्हणजे हीच हाफ, झाली, तेव्हा मिरामारच्या किनाऱ्यावर मीही टोपी घालून उभा होतो. कटऑफ, म्हणजे संपवायची मुदत, साडेआठ तासांची, मी सात तास एकवीस मिनिटांत आलो. मग मार्च २०२० आला. मग वडिलांचं आजारपण. मग बढती, आणि बढतीच्या पाठोपाठ रात्रपाळी. सायकल गॅलरीत गेली. तिच्यावर आधी टॉवेल वाळायचे, पुढे गोधड्या. मी ७१ किलोचा ८६ झालो. जानेवारी २०२४ मध्ये एका रविवारी गोधडी उचलली आणि म्हटलं, चला.

आणि पहिली चूक त्याच रात्री केली. २०१९ ची सरावाच्या वेळापत्रकाची एक्सेल शीट फोनमध्ये होतीच, ती उघडली आणि पाचव्या आठवड्यापासून सुरुवात केली. पहिले चार आठवडे नवख्यांचे, आपण काय नवखे थोडेच! तिसऱ्या आठवड्यात गंगापूर रोडवरून सोमेश्वरच्या दिशेने बारा किलोमीटर धावायला निघालो. दम झकास होता. घड्याळात पेस (एका किलोमीटरला लागणारी मिनिटं) बघून मनातल्या मनात खूश. नवव्या किलोमीटरला पोटरीवर कुणीतरी मागून दगड मारला. मी खरंच वळून बघितलं, कोण आहे म्हणून. मागे कुणी नव्हतं. रस्त्याकडेच्या पेरूवाल्याने बसायला क्रेट उलटा करून दिला, रिक्षा थांबवून दिली, आणि वर दोन पेरूही दिले. पुढचे पाच आठवडे मी जिना एकेक पायरी करून उतरत होतो.

आता माझ्या कामातलं एक उदाहरण देतो, कारण मला स्वतःला हे त्यातूनच समजलं. लॉकडाऊननंतर कारखाना परत सुरू झाला तेव्हा आमचा हायड्रॉलिक प्रेस बरेच आठवडे बंद पडून होता. बटण दाबलं, मोटर पहिल्या झटक्यात सुरू. सगळे खूश. तिसऱ्या दिवशी पूर्ण लोड दिला आणि सिलिंडरच्या बुडाशी तेलाचं थारोळं. ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारं रबर, सुकून कडक झालं होतं. मोटरला काही झालेलं नव्हतं, आणि घात तिनेच केला, कारण तिच्या आवाजावरून आम्ही मशीन ठीक आहे असं धरून चाललो.

शरीराचंही असंच होतं. दमसास, म्हणजे हृदय, फुप्फुसं, रक्त, हे आपली मोटर. ही पटकन बिघडते आणि तुलनेने लवकर परतही येते. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे नुसतं अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावून तपासलं. त्या तीन आठवड्यांनी त्यांचा दमसास जितका घसरला होता, तितका मधल्या तीस वर्षांनीही घसरवला नव्हता. मग त्यांना सहा महिने, अगदी हळू सुरुवात करून, व्यायाम दिला. पन्नाशीतल्या त्या माणसांचा दमसास जवळपास विशीत अंथरुणावर झोपण्यापूर्वी होता तिथे आला. माणसं फक्त पाच होती, हे खरं. पण मला त्या पाच जणांनी फार धीर दिला.

सील म्हणजे पोटरी, घोट्यामागची जाड शीर, गुडघ्याची वाटी जिने धरलेली असते ती शीर. शीर म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, स्नायू हाडाला बांधणारा दोर. या शिरांना रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे त्या आठवड्यांत नाही, महिन्यांत तयार होतात. दम सहा-आठ आठवड्यांत बारा किलोमीटरचा होतो आणि शीर अजून चार किलोमीटरचीच असते. अगदी नवखा माणूस यातून सुटतो, कारण त्याचा दम आणि शीर दोन्ही कच्चे असतात, दम त्याला आधी थांबवतो. आपल्यासारख्याला दम थांबवत नाही, आणि डोक्यात २०१९ चा पेस बसलेला असतो. तुमच्या प्रश्नात 'पूर्वी पाच चाळीसने आरामात धावायचो' असं वाक्य आहे ना, मला भीती त्याचीच वाटते.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी कामाची वाटणी बदलली. दम वाढवायचं काम सायकल आणि पोहण्याकडे दिलं, कारण त्यात पायाला हादरे बसत नाहीत. धावणं फक्त शिरांसाठी ठेवलं. गोल्फ क्लबच्या मैदानावर मातीच्या ट्रॅकवर तीन मिनिटं धावणं, दोन मिनिटं चालणं, असं पंचवीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा. सहा आठवडे हेच. शेजारून आजोबा लोक चालत पुढे जायचे, जाऊ दिले. त्याशिवाय रोज पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहून टाचा वर, आणि मग मनात चार मोजत सावकाश खाली. गुडघा सरळ ठेवून पंधरा, थोडा वाकवून पंधरा. मी हे कँटीनच्या पायऱ्यांवर करायचो. पोरांनी 'साहेब लिफ्ट' असं नाव ठेवलं, अजून तेच चालतं.

वेग किती ठेवायचा? हार्ट रेटचा पट्टा असेल तर वापरा, पण जुन्या झोनचे (कोणत्या सरावाला ठोके किती, याचे) आकडे पुसून टाका. मी मोठ्याने पाढे म्हणत सायकल चालवायचो. एकोणतीसचा पाढा धाप न लागता म्हणता आला की वेग बरोबर. (तो पाढा मला येत नाही हा भाग वेगळा, पण कोण तपासतंय.)

यातलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जा. चाळिशी ओलांडलीय, मध्ये खंड पडलाय. ट्रेडमिलवरची तपासणी, टू-डी एको, साखर, रक्तदाब, त्यांना योग्य वाटेल ते करून घ्या. माझी साखर काठावर निघाली. शर्यतीचं खूळ नसतं तर कळलीही नसती.

पोहणं विसरत नाही हे खरं आहे. मी तरणतलावात उतरलो तेव्हा हात आपोआप चालले, फक्त खांदे दहा मिनिटांत बोंबलले. पण तलावात दर पंचवीस-पन्नास मीटरला भिंत येते, पाय टेकून ढकलता येतं, खाली निळी रेघ दिसते. शर्यतीत यातलं काही नसतं. मी गेल्या वर्षी कोल्हापूरला ऑलिंपिक अंतर केलं, पोहायचं राजाराम तलावात. पाणी हिरवट, स्वतःचं कोपर दिसेना. भोंगा वाजला, पहिल्या शंभर मीटरमध्ये कुणाची तरी टाच गॉगलवर बसली, पाणी आत, आणि छाती अशी आवळली की श्वास बाहेर जायलाच तयार नाही. २०१९ मध्ये समुद्रात पोहलेला माणूस मी! कयाकवाल्या पोराने विचारलं, 'काका, बाहेर काढू?' त्याच्या कयाकला धरून थांबलो. एवढी मुभा असते, कयाक धरून पुढे सरकायचं नाही इतकंच. पाण्यात तोंड घालून बुडबुडे सोडत वीस मोजले. मग निघालो, आणि उरलेलं अंतर चक्क बरं गेलं. तेव्हा नावनोंदणीआधी एकदा तरी उघड्या पाण्यात उतरा. पण गंगापूर धरणावर एकट्याने नाही. काठ एकदम खोल होतो, खाली जाळी असतात, आणि तिकडे पोहायला मनाईही आहे. कयाक आणि माहीतगार सोबत असेल अशाच ठिकाणी जा, कमरेला केशरी फुगा बांधून. डिसेंबरपूर्वी हे उरकलं तर बरं, नाशिकच्या थंडीत तरणतलावाचं पाणीच दात वाजवतं.

सायकल उचलून थेट रस्त्यावर आणू नका. टायरमधली हवा काढून कडेचं रबर बोटांनी दुमडून बघा. माझ्या टायरला केसासारख्या बारीक भेगा होत्या, वरून काही दिसत नव्हतं. टायर, ट्यूब, ब्रेकचं रबर, चेन सगळं बदललं. हेल्मेटही. उन्हात चार वर्षं वाळलेल्या थर्माकोलवर मी माझं डोकं सोपवणार नाही.

रस्त्यांची आपल्याकडे चैन आहे. गिरणाऱ्याकडे जा, किंवा त्र्यंबक रोड घ्या. जाताना चढ दिसत नाही पण असतो, येताना पाय आपोआप फिरतात. मात्र श्रावणातले सोमवार सोडा, आणि पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या निघतात तेव्हाही. पिंपळगावच्या बाजूला कांद्याचे ट्रॅक्टर सकाळी घाईत असतात, त्यांना आपण दिसतच नाही असं धरून चाला.

एक सापळा खास नाशिकचा. डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन या आपल्या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून इथे गल्लीगल्लीत सायकलवाले झाले. चांगलंच आहे. पण रविवारचा ग्रुप निघाला की कुणीतरी चढावर जोर लावतो आणि आपल्याला राहवत नाही. शिवाय शेवट मिसळीवर. तीन महिने मी ग्रुपमध्ये गेलो, वजन अर्धा किलो वाढलं. मग एकटा जायला लागलो.

सायकलवरून उतरून लगेच धावायचा सराव, ज्याला ब्रिक म्हणतात, तो शेवटचे सहा आठवडे करा. फार नको. वीस किलोमीटर सायकल, मग लगेच दोन किलोमीटर धावणं. पाय दुसऱ्याचे लावल्यासारखे वाटतात, दहा मिनिटांनी आपले होतात. आणि ट्रान्झिशन, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात जातानाची बदलाबदल, पार्किंगमध्ये चार वेळा तरी करून बघा. मी केलं नव्हतं. कोल्हापूरला पोहून बाहेर आलो, हेल्मेट डोक्यावर ठेवलं, पट्टा न लावता सायकल स्टँडवरून काढली. पंचाने शिट्टी वाजवली, सायकल परत ठेवायला लावली, पट्टा लावायला लावला, मग सोडलं. हा नियम मी पूर्वी दुसऱ्यांना शिकवायचो.

माझे कोल्हापूरचे आकडे सांगतो, तुमच्या अपेक्षा जागेवर येतील. पोहणं ४४ मिनिटं, सायकल एक तास ३५, धावणं एक तास १२, मधले बदल धरून एकूण तीन तास ३८ मिनिटं. २०१९ मध्ये हेच अंतर दोन तास ५८ मध्ये केलं होतं. सुरुवात केल्यापासून तिथल्या शेवटच्या रेषेपर्यंत मला जवळपास अकरा महिने लागले, त्यातले पाच आठवडे पेरूवाल्याच्या खात्यात. तुम्ही ती चूक टाळली तर चार महिन्यांत ऑलिंपिक अंतर जमेल, पण पहिल्या आठवड्यापासून शीट नवीन करा. आणि तिसऱ्या महिन्याअखेर सलग आठ किलोमीटर दुसऱ्या दिवशी न लंगडता धावता येत नसेल, तर नाव स्प्रिंटला बदलून घ्या. बरेच आयोजक ठरावीक तारखेपर्यंत बदलून देतात, पत्रक आधी वाचा.

राहिला सूट. नवा घेऊ नका. माझा जुना सुरुवातीला बेंबीपर्यंतच चढायचा. दर महिन्याच्या एक तारखेला बाथरूममध्ये घालून बघायचो, वजनकाट्यापेक्षा ते बरं. शर्यतीच्या आधी चेन गळ्यापर्यंत आली, फक्त श्वास घेता येईना. शेवटी सायकलिंगची साधी शॉर्ट आणि अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट घालून उतरलो. सूट बॅगेत होता. बायकोने विचारलं, मग नेलास कशाला.