एसटीएममधल्या ‘टिप’ला मराठीत काय म्हणायचं? सुई, टोक, अणी की आर?

प्रश्न असा आलाय की स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपवर (पृष्ठभागावरच्या अणूंचं चित्र काढणारा मायक्रोस्कोप, पुढे नुसतं एसटीएम म्हणतो) मराठीत लेख लिहायचाय, त्यातल्या ‘टिप’ला ‘अणुकुचीदार सुई’ लिहिलं तर चालेल का, की अग्र, शलाका असं काही लिहावं, की सरळ टिपच राहू द्यावं.

टिप राहू देऊ नका. मला इंग्रजी शब्दांचा राग नाही, मायक्रोस्कोप मी खुशाल मायक्रोस्कोपच लिहितो, पण टिपच्या जागेवर मराठीत आधीच फार गर्दी आहे. पानाखाली देतो ती टीप, शिलाई मशीनवर मारतात ती टीप, डोळ्यांतून गळतात ती टिपं, हॉटेलात ठेवतो ती टिप आणि पोलिसांना मिळते तीही टिपच. त्यात ऱ्हस्व-दीर्घ कुणी पाळत नाही. ‘टिप बदलल्यावर चित्र स्पष्ट आलं’ हे वाक्य वाचून माणूस क्षणभर थांबतोच.

आता ही वस्तू नेमकी काय ते बघू, शब्द त्यातूनच निघेल. एसटीएम १९८१ मध्ये गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोहरर यांनी झुरिचजवळच्या आयबीएमच्या लॅबमध्ये बनवला, १९८६ ला त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. त्यात धातूची एक बारीक तार पृष्ठभागाच्या इतक्या जवळ आणतात की मध्ये एक नॅनोमीटरपेक्षाही कमी अंतर राहतं, पण टेकवत नाहीत, आणि त्या फटीतून अगदी थोडा करंट वाहतो. हे अंतर एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग वाढलं तरी करंट साधारण दहापट घटतो, म्हणून सगळ्यात पुढे आलेला जो एखादा अणू असतो तोच बहुतेक सगळं काम करतो, मागचे नुसते त्याला धरून उभे असतात.

म्हणजे इंग्रजीत ‘टिप’ हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरतात, अख्ख्या तारेच्या तुकड्यालाही आणि तिच्या शेवटच्या त्या एका अणूलाही. मराठीत आपल्याला हे वेगळं करता येतं आणि करावंच. आपल्याकडे टोक ही जागा असते, वस्तू नसते. पेन्सिलीला टोक असतं, आपण टोक काढतो, टोक मोडतं, बोथट होतं, पण दुकानात जाऊन ‘एक टोक द्या’ कुणी म्हणत नाही. वस्तू म्हणजे सुई. म्हणून माझं साधं उत्तर: तारेच्या तुकड्याला सुई म्हणा आणि तिच्या शेवटाला टोक म्हणा. सुईला नेढं नाही मग सुई कशी, असं कुणी म्हणेल, पण होकायंत्राच्या सुईला कुठे नेढं असतं.

अग्रही चुकीचं नाही. दुर्योधन म्हणतो की सुईच्या अग्रावर मावेल एवढीही जमीन देणार नाही, ते आपल्या सगळ्यांच्या कानात आहे (शिवणाच्या सुईच्या टोकावर एका ओळीत लाखभर अणू सहज बसतील, त्या हिशोबाने एसटीएमवाल्यांना ती जमीन भरपूर झाली). पण अग्र लिहिलं की वाक्य एकदम ताठ होतं, पुढे ‘तीक्ष्ण’ येतं, मग ‘धातुनिर्मित’ येतं आणि लेख कुणी वाचत नाही. शलाका तर नकोच, शलाका म्हणजे काडी किंवा सळई, डोळ्यात अंजन घालायची ती, तिच्यात टोकाला महत्त्वच नाही.

‘अणुकुचीदार’बद्दल मात्र जपून. असं लिहिलेलं दिसतं खूप, पण मी अणकुचीदार लिहितो, कारण मला त्यात अणी दिसते, भाल्याची अणी म्हणतो ती, अणी म्हणजे टोक. विज्ञानाच्या लेखात अणुकुचीदार लिहिलं की वाचणाऱ्याला वाटणार त्यात अणू आहे, आणि इथे खरोखर टोकाला अणूच असल्यामुळे गोंधळ पक्काच होणार.

आता माझा लाडका शब्द, आर. लहानपणी भोवरा आणला की त्याला खालून खिळा ठोकायचा, डोकं कापून टाकायचं आणि दगडावर पाणी टाकून घासत बसायचं, घासून घासून जे टोक यायचं ती आर (काही ठिकाणी आरू म्हणतात). बैल हाकायच्या पराणीलाही आरच असते. आर चांगली झाली की भोवरा तळहातावर घेतला तरी एका जागी झोपल्यासारखा फिरायचा, जाड राहिली की थरथरत भटकायचा. म्हणजे लाकडाच्या वस्तूला मुद्दाम लावलेलं, घासून बारीक केलेलं धातूचं टोक यासाठी आपल्याकडे वेगळा शब्द आहे आणि तो आपण वापरत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. एसटीएमची सुई तयार करतात तेही याच जातीचं काम आहे, फक्त दगडाच्या जागी कॉस्टिक सोडा. पाव मिलिमीटर जाडीची टंगस्टनची तार सोड्याच्या पाण्यात उभी बुडवून काही व्होल्ट देतात, पाण्याच्या पातळीशी ती सगळ्यात जास्त खाल्ली जाते, तिथे मान बारीक बारीक होत जाते आणि शेवटी खालचा तुकडा स्वतःच्या वजनाने तुटून पडतो, वर राहतं ते टोक. त्या क्षणी करंट बंद झाला नाही तर सोडा टोकही खातो आणि बोथट करतो. प्लॅटिनम-इरिडियमची तार असेल तर एवढंही नको, कटरने तिरकी धरून ओढत कापली की झालं.

अजून एक, ‘पिन’. त्याची पिन एकाच ठिकाणी अडकलीय असं आपण म्हणतो ते ग्रामोफोनवरून. अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप १९८६ चा, त्यात लवचिक पट्टीच्या टोकाशी असलेली अणी पृष्ठभागावरून फिरते आणि पट्टी वरखाली होते, तिला पिन शोभेल. एसटीएमची सुई टेकतच नाही म्हणून तिला नको.

आणि फील्ड आयन मायक्रोस्कोपबद्दल लिहिणार असाल तर तिथे टोकच लिहा, कारण तिथे टोक हे बघायचं साधन नाही, बघायची वस्तूच ते आहे. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात एर्विन म्यूलर आणि त्यांच्याबरोबर काम करणारे कंवर बहादूर यांनी थंड केलेल्या टंगस्टनच्या टोकावरचे अणू एकेक सुटे पाहिले, माणसाने पहिल्यांदाच. टोक जितकं बारीक तितकं तिथलं विद्युतक्षेत्र जबरदस्त, इमारतीवरच्या वीजरोधकाच्या टोकाशी जे होतं तेच.

शेवटी लेखात लागेल असा एक शब्द सुचवून ठेवतो. कधी कधी सुईच्या शेवटाला एकाऐवजी दोन अणू सारखेच पुढे आलेले असतात, मग चित्रात प्रत्येक गोष्ट दोनदा उमटते, त्याला इंग्रजीत डबल टिप म्हणतात. त्याला दुटोकी सुई म्हणा. ‘सुई दुटोकी निघाली म्हणून बदलली’ हे वाक्य कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.