'दृष्टी तशी सृष्टी' आणि क्वांटमचा निरीक्षक

एका विज्ञानलेखाचं मराठीत भाषांतर करणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे : "क्वांटम भौतिकीनुसार निरीक्षकाच्या चैतन्यामुळेच वास्तव आकाराला येतं, असं वाचलं. आपली 'दृष्टी तशी सृष्टी' ही म्हण हेच सांगते का? वेदान्तातला दृष्टिसृष्टिवाद तिच्या मुळाशी आहे का? ऑब्झर्वरला 'द्रष्टा' किंवा 'साक्षी' म्हटलं तर चालेल का? आणि कॉन्शसनेसला चैतन्य, चेतना, जाणीव यांतलं काय घ्यावं?"

म्हणीचं आधी उरकतो, कारण तिथे फारसं काही नाही. 'दृष्टी तशी सृष्टी'मधला कळीचा शब्द 'तशी' हा आहे. बघणाऱ्याचा कल जसा, तसं त्याला जग भासतं, एवढाच तिचा अर्थ. 'कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं' ही तिचीच जरा खवचट बहीण. दोन्हींत जग आपल्या जागी शाबूत आहे. बदलतं ते बघणाऱ्याचं दिसणं. कुणी डोळे मिटल्यावर समोरचा डोंगर नाहीसा होतो असं ही म्हण कधीच म्हणत नाही.

दृष्टिसृष्टिवाद मात्र तसं म्हणतो, निदान त्याचं कडक रूप तरी. हा अद्वैत वेदान्तातला उत्तरकालीन पक्ष. प्रकाशानंदांच्या 'वेदान्तसिद्धान्तमुक्तावली'त तो ठासून मांडलेला आहे. दृष्टी हीच सृष्टी, वस्तू जाणली जाते तोवरच ती असते, असा हा पक्ष. अद्वैतातच याच्यासमोर सृष्टिदृष्टिवाद उभा आहे : सृष्टी आधी, दृष्टी नंतर. दोन शब्दांची नुसती अदलाबदल करून दोन पक्षांना नावं देणाऱ्या त्या पंडितांचं मला कौतुक वाटतं. पण 'दृष्टी तशी' आणि 'दृष्टी हीच' यांत जमीनअस्मानाचा फरक आहे आणि म्हण पहिल्या बाजूची आहे. ध्वनिसाम्यावरून एकीचा उगम दुसऱ्यात शोधण्याचं कारण दिसत नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी, कारण 'सगळं जग मनात आहे असं शंकराचार्य म्हणाले होते' हे वाक्य क्वांटमच्या गप्पांत हमखास येतं. ब्रह्मसूत्रांत 'नाभाव उपलब्धेः' (बाह्य वस्तू नाहीत असं नाही, कारण त्या जाणवतात) असं सूत्र आहे (२.२.२८). त्यावरच्या भाष्यात आचार्य विज्ञानवादी बौद्धांशी (बाहेर वस्तू नाही, फक्त जाणीव आहे असं म्हणणाऱ्यांशी) भांडतात, आणि भांडतात ते बाह्य वस्तूंच्या बाजूने! खांब किंवा भिंत बघताना कुणी स्वतःची जाणीव बघत नसतो, तो जाणिवेचा विषय असलेला खांब बघत असतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पुढच्याच सूत्राच्या आधारे जागेपणीचं जग स्वप्नासारखं नाही, हेही ते बजावतात. मग 'मिथ्या'चं काय? वेदान्तात मिथ्या म्हणजे खोटं नव्हे. ब्रह्मासारखं अबाधित, कधीच खोटं न ठरणारं सत् नाही आणि सशाच्या शिंगासारखं असत्‌ही नाही, ते मिथ्या. बोलीत आपण 'मिथ्या आरोप' म्हणतो आणि तोच अर्थ वेदान्तावर लादतो. २०२२ सालचं भौतिकीचं नोबेल आस्पे, क्लाउजर आणि त्साइलिंगर यांना मिळालं, तेव्हा 'जग खरं नाही हे सिद्ध झालं, म्हणजेच माया' असे निरोप फिरत होते. ते या घोटाळ्यातूनच आले. त्या प्रयोगांनी मोडीत काढली ती एक नेमकी जोडी : कणांचे गुणधर्म मोजण्याआधीच ठरलेले असतात आणि दूरच्या घटनेचा इथे तत्काळ प्रभाव पडत नाही, ही दोन्ही गृहीतकं एकत्र धरणं. 'जग नाही' असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

आता मुख्य अडचण, 'निरीक्षक'. मराठी कानाला हा शब्द ऐकताच एक माणूस दिसतो, बहुधा हातात वही असलेला. पोलीस निरीक्षक, निवडणूक निरीक्षक, सगळी माणसंच. मग 'निरीक्षकामुळे इलेक्ट्रॉनचं वागणं बदलतं' असं वाचलं की इलेक्ट्रॉनला आपण बघतोय हे कळलं, असं चित्र आपोआप तयार होतं. इंग्रजीतही हा घोळ आहेच. क्वांटम भौतिकीचे एक जनक हायझेनबर्ग यांनीच खुलासा केला होता की निरीक्षकाचं काम नोंद करण्यापुरतं आहे. ती नोंद यंत्राने केली की माणसाने, याला महत्त्व नाही.

याचं सुंदर प्रात्यक्षिक व्हिएन्नात झालं. कार्बनच्या साठ अणूंचा चेंडूसारखा रेणूसुद्धा तरंगासारखा वागतो आणि व्यतिकरणाचे, म्हणजे तरंग एकमेकांत मिसळून होणारे, पट्टे उमटवतो, हे तिथल्या गटाने १९९९ मध्ये दाखवलं. पुढे २००४ मध्ये त्यांनी सत्तर अणूंचे रेणू वाटेत लेसरने तापवले. तापलेली कुठलीही वस्तू प्रकाश फेकते, तसे तेही फेकू लागले. त्या प्रकाशकणांबरोबर 'मी इथून गेलो' ही माहिती आसमंतात पसरली आणि तापमान वाढवत नेलं तसे पट्टे विरत गेले. ते प्रकाशकण कुणी पकडून बघत नव्हतं. माहिती बाहेर सांडली, तेवढं पुरलं. या क्रियेचा सैद्धांतिक पाया हान्स-डीटर झेह यांनी १९७० मध्ये घातला. डीकोहिअरन्स हे तिचं आज रुळलेलं नाव.

म्हणून भाषांतरात 'निरीक्षक' टाळता आला तर टाळा. 'मापक' मला जास्त आवडतो. तोही कर्तृवाचकच आहे, पण तापमापक, दाबमापक या शब्दांनी मराठीला त्या 'क'ला यंत्र म्हणून ओळखायची सवय लागलेली आहे. तापमापकाला जाणीव असते का, असं कुणी विचारत नाही. 'ऑब्झर्वर इफेक्ट'साठीही 'मापनाचा परिणाम' पुरे. अर्थात भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी १९९०च्या त्यांच्या गाजलेल्या लेखात 'मापन' हाच सगळ्यांत वाईट शब्द ठरवला होता आणि त्यापेक्षा 'प्रयोग' म्हणा, असं सुचवलं होतं. त्यांचा टोमणा ऐकण्यासारखा आहे : पहिला एकपेशी जीव जन्मेपर्यंत विश्वाचं तरंगफलन (सगळ्या शक्यता एकत्र सांगणारं गणिती वर्णन) कोसळायचं, म्हणजे एकाच शक्यतेवर यायचं, थांबलं होतं का? की आणखी लायक, पीएचडी झालेल्या कुणाची वाट बघत होतं?

'द्रष्टा' आणि 'साक्षी' हे तर अजिबात नकोत, आणि याचं कारण आपल्याच परंपरेत आहे. सांख्य दर्शनाच्या 'सांख्यकारिका' या ग्रंथाच्या १९व्या कारिकेत पुरुषाची, म्हणजे निव्वळ जाणणाऱ्या तत्त्वाची, लक्षणं सांगितली आहेत : साक्षित्व, कैवल्य, माध्यस्थ्य, द्रष्टृत्व आणि अकर्तृभाव. म्हणजे जो द्रष्टा, तो अकर्ता. तो बघतो, पण प्रकृतीत, म्हणजे जड सृष्टीत, बोट घालत नाही. क्वांटम मापनाची गोष्ट बरोबर उलटी आहे : तिथे वस्तूशी काहीतरी घडल्याशिवाय, कुठेतरी गुंतल्याशिवाय मोजणंच होत नाही. जो कशालाही हात लावत नाही त्याचं नाव, जो हात लावल्याशिवाय राहूच शकत नाही त्याला द्यायचं? वेदान्ती आणि भौतिकीवाला दोघेही रागावतील. 'मोठा द्रष्टा पुरुष' मधला द्रष्टा तर दूरदर्शी नेता झाला आहे, ते वेगळंच.

सांख्यांचा आणखी एक कायदा भाषांतरकाराने लक्षात ठेवावा. मन, बुद्धी, अहंकार हे तिन्ही प्रकृतीतले, म्हणजे जड! 'माइंड अँड मॅटर'चं 'चेतन आणि जड' असं करणारा मनाला कुंपणाच्या भलत्या बाजूला टाकतो. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तची रेघ मन आणि पदार्थ यांच्यामधून जाते, सांख्यांची मनाच्याही पलीकडून. तिथे सरळ 'मन आणि पदार्थ' लिहावं.

प्रश्नातला मूळ दावा अगदीच हवेतला मात्र नाही. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९३२ मध्ये मोजणीची साखळी मांडली : कण, यंत्र, डोळा, मेंदू. बघितलेलं आणि बघणारा यांच्यातली रेघ या साखळीत कुठेही मारा, गणित तेच राहतं. मग रेघ खरी कुठे? भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर यांनी १९६१ मध्ये उत्तर दिलं की जाणिवेपाशी. खोलीत प्रयोग करणारा मित्र आणि दाराबाहेर उभे असलेले आपण, असा त्यांचा विचारप्रयोग प्रसिद्ध आहे. पुढे झेह यांचं काम वाचून विग्नर स्वतःच या मतापासून दूर गेले, हे मात्र उद्धृत करणारे सांगत नाहीत. डीकोहिअरन्सनेही सगळं सुटलं असं नाही. पट्टे का विरतात ते कळतं. अनेक शक्यतांतून एकच का हाती लागते, यावर भौतिकीवाले आजही भांडतात. पण या भांडणात जाणिवेची बाजू घेणारे मूठभर आहेत, आणि लेखात 'क्वांटम भौतिकी सांगते' असं लिहिलं असेल तर ते चूक आहे.

आता कॉन्शसनेस. संस्कृतात 'चैतन्य' हा शब्द कुणाच्या मालकीचा नव्हता. जडवादी चार्वाकही तो वापरत : चार भूतं एकत्र आली की त्यांतून चैतन्य उपजतं, जशी किण्वातून (आंबवणीतून) मदशक्ती, म्हणजे नशा. मराठीत येता येता मात्र तो भक्तीच्या घरचा झाला. तुकोबांच्या गुरुपरंपरेत राघवचैतन्य, केशवचैतन्य अशी नावंच आहेत. दुसरीकडे वर्तमानपत्रांत शेअर बाजारातही चैतन्य संचारतं. म्हणजे आजचा वाचक 'चैतन्य' वाचतो तेव्हा एकतर परब्रह्म ऐकतो किंवा उत्साह. 'मेंदूतून चैतन्य कसं निर्माण होतं?' या वाक्यात प्रश्न विचारायच्या आधीच अर्धं उत्तर दिल्यासारखं होतं. 'चेतना' बरा आहे, पण त्यावर मज्जासंस्थेची सावली आहे : चेतापेशी, चेतातंतू. डॉक्टरांना हवी असलेली 'शुद्ध' वेगळी. पेशंट शुद्धीवर येतो, जाणिवेवर नाही. 'भान' गोड शब्द आहे, पण त्याला नेहमी कशाचं तरी हवं असतं : देहाचं, काळवेळेचं, परिस्थितीचं.

राहिली 'जाणीव'. माझं मत हिलाच. ती जाणणे या साध्या क्रियापदातून आलेली आहे, कुणाचाही सिद्धान्त तिच्या पाठीवर नाही, आणि नेणीव तिच्या जोडीला आहे. 'जाणीव नेणीव भगवंती नाही' ही हरिपाठातली ओळ ज्याला पाठ आहे त्याला फ्रॉइडची नेणीव समजावायला वेळ लागत नाही, अर्थ वेगळे असले तरी. तिच्यात एक खोट आहे. 'कर्तव्याची जाणीव', 'सामाजिक जाणिवा' या वापरामुळे ती कधी कधी नैतिक वाटते. पहिल्याच वापराला 'अनुभवणारी जाणीव' असं म्हटलं की काम भागतं. वटवाघूळ असणं म्हणजे नेमकं काय वाटणं, हा तत्त्वज्ञ टॉमस नेगल यांचा १९७४ चा प्रश्न, किंवा मेंदूतल्या प्रक्रियांबरोबर अनुभव का येतो, ही तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५च्या लेखात मांडलेली 'अवघड समस्या', हे दोन्ही 'जाणीव' या शब्दात नीट मावतात.

आणि व्याकरणाची एक गंमत. जाणीवचं अनेकवचन होतं : जाणिवा. चैतन्यचं कुणी करत नाही. क्वांटमचे आणखी एक जनक श्रोडिंगर यांनी १९४४च्या 'व्हॉट इज लाइफ?' या पुस्तकाच्या शेवटी उपनिषदांचा हवाला देत म्हटलं होतं की कॉन्शसनेस हे असं एकवचन आहे ज्याचं अनेकवचन ठाऊक नाही. हे वाक्य तुमच्या लेखात आलं, तर तिथे, आणि फक्त तिथेच, 'चैतन्य' वापरा. 'जाणीव' घातलीत तर मराठी व्याकरणच श्रोडिंगरला खोटं पाडेल. टागोर आणि आइन्स्टाइन १९३० च्या जुलैमध्ये बर्लिनजवळच्या कापुट गावी भेटले, तेव्हाही वाद हाच होता : माणसावाचून सत्य असतं का? त्या संवादाचं भाषांतर करताना टागोरांच्या बाजूला माझा हात 'चैतन्य'कडे गेला असता, आइन्स्टाइनच्या बाजूला कधीच नाही.

'फिजिकल रिॲलिटी'साठी 'भौतिक वास्तव' लिहा. 'भौतिक सत्य' नको. सत्य विधानाचं असतं, वास्तव वस्तूचं. आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांच्या १९३५च्या निबंधाच्या शीर्षकात नेमका हाच शब्दप्रयोग आहे आणि त्यांनी त्याची कसोटीही दिली आहे : वस्तूला अजिबात न छेडता जे खात्रीने आधी सांगता येतं, त्याच्यामागे वास्तवाचा काहीतरी अंश असलाच पाहिजे.

तुमचं वाक्य मी असं करेन : "क्वांटम भौतिकीत मापनाआधी कणाच्या काही गुणधर्मांना ठरावीक किंमत असतेच असं नाही. मापनासाठी जाणीव लागते, असं विग्नर यांच्यासारख्या काहींनी सुचवलं होतं." मूळ लेखकाने खरोखरच 'चैतन्यामुळे वास्तव आकाराला येतं' असं लिहिलं असेल, तर ते वाक्य त्याच्या नावावर अवतरणात ठेवा आणि खाली टीप जोडा.