बुटांच्या कंपनीशी करार करावा, पण त्याच्या भरवशावर ट्रॅक्टर घेऊ नये

दारव्हा तालुक्यातील एका कास्तकार वाचकांनी विचारले आहे: त्यांची 20 वर्षांची मुलगी अमरावतीला राहून 5,000 आणि 10,000 मीटर शर्यतींचा सराव करते. धावण्याचे बूट बनवणाऱ्या एका कंपनीने तिला तीन वर्षांचा प्रायोजकत्व करार देऊ केला आहे. वर्षाला 3 लाख रुपये चार हप्त्यांत, बुटांचे चार जोड, कपडे आणि राष्ट्रीय पदकावर बक्षीस, असे त्याचे स्वरूप आहे. घरी आठ एकर कोरडवाहू वावर असून सोसायटीचे पीक कर्ज चालू आहे. मुलगी पोलीस भरतीचीही तयारी करते. करारावर सही करावी का, आणि त्या पैशांच्या आधारे पाच वर्षांच्या मुदतीचे 6 लाखांचे कर्ज काढून ट्रॅक्टर घ्यावा का, असा त्यांचा प्रश्न आहे.

भाऊ, सप्रेम नमस्कार.

आपण कराराची सर्व पाने जोडून पाठवली हे फार चांगले केले, कारण कंपनीने पहिल्या पानावर ठळक छापलेले 3 लाख आणि आपल्या मुलीच्या खात्यात प्रत्यक्ष जमा होणारी रक्कम यांतील अंतर सहाव्या पानावरील कपातीच्या अटींत दडलेले आहे. वर्षात ठरलेल्यांपैकी किमान आठ स्पर्धा न धावल्यास 25 टक्के कपात, राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या सहांत नाव न राहिल्यास मूळ रकमेच्या आणखी 25 टक्के कपात, आणि दुखापतीमुळे 90 दिवसांपेक्षा जास्त काळ मैदानाबाहेर राहिल्यास पुढचे हप्ते बंद, अशा त्या अटी आहेत. शिवाय प्रत्येक वर्षअखेरीस 30 दिवसांची सूचना देऊन करार संपवण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवला आहे. म्हणजे 3 लाख ही मिळू शकणारी जास्तीत जास्त नियमित रक्कम आहे. दोन्ही कपाती लागल्या तर ती दीड लाखावर येते आणि दुखापत लांबली तर त्याहूनही खाली जाते. उभ्या पिकाचा अंदाज आणि घरात आलेला माल यांतला फरक आपल्याला मी सांगण्याची गरज नाही.

अशा अटी केवळ आपल्याकडेच असतात असे नाही. जगभरातील धावपटूंच्या करारांत त्या वर्षानुवर्षे आहेत. बोरिस बेरियन हा अमेरिकेचा 800 मीटरचा धावपटू 2016 मध्ये जागतिक इनडोअर विजेता झाला. त्याला न्यू बॅलन्स कंपनीने कपातीच्या अटींशिवाय वर्षाला 1,25,000 डॉलर देऊ केले होते. तेवढीच रक्कम देऊन त्याला आपल्याकडे ठेवण्याचा हक्क जुन्या करारानुसार आपल्याला आहे, असे सांगून नाइकी कंपनीने ऑलिंपिक निवड स्पर्धेच्या तोंडावर त्याच्यावर दावा लावला आणि पुढे तो मागे घेतला. वादाचा मुख्य मुद्दा हाच होता की, कपाती असलेले सव्वा लाख आणि कपाती नसलेले सव्वा लाख सारखे मानायचे का.

आता आपला हिशोब मांडू. खोलीचे भाडे, मेस, दूध-अंडी, प्रशिक्षकांची फी आणि प्रवास मिळून मुलीचा खर्च आपण महिन्याला 12,000 रुपये लिहिला आहे, म्हणजे वर्षाला 1 लाख 44 हजार. एकही कपात झाली नाही तरी 1 लाख 56 हजारच शिल्लक राहतात. 6 लाखांच्या कर्जावर 11 टक्के व्याज धरले तर सहामाही हप्ता सुमारे 80 हजार, म्हणजे वर्षाला 1 लाख 60 हजार येतो. सर्व काही सुरळीत झाले तरी हप्ता पुरत नाही. आणि दोन्ही कपाती लागल्या तर मुलीने तोंडात घासही न घालता सगळी रक्कम दिली, तरीही पुरत नाही. त्यातच करार तीन वर्षांचा आणि कर्ज पाच वर्षांचे असल्यामुळे शेवटचे चार हप्ते, म्हणजे 3 लाखांहून अधिक रक्कम, कापूस-तुरीवरच येऊन पडेल. मला याहूनही मोठी काळजी वाटते ती अशी की, घरचा हप्ता आपल्या पायांवर अवलंबून आहे हे माहीत असलेली मुलगी नडगी दुखत असतानाही आठवी स्पर्धा धावेल. अविनाश साबळे यांच्यासारख्या ऑलिंपिक अंतिम फेरी धावलेल्या खेळाडूलाही 2025 मध्ये मोनॅकोच्या शर्यतीतील गुडघ्याच्या दुखापतीनंतर शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेला मुकावे लागले. आठ एकरांसाठी सध्या भाड्याचा ट्रॅक्टर लावणेच परवडते.

तरीही करार नाकारावा असे मला वाटत नाही. आज तिचा खर्च आपण शेतीतून ओढाताण करून भागवता आणि दोन्ही कपाती लागलेल्या वर्षाचे दीड लाखसुद्धा तो खर्च भागवतात. मात्र सही करण्यापूर्वी काही बदल लेखी मागावेत. दुखापतीची मुदत 90 ऐवजी 180 दिवसांची करावी आणि त्या काळात निम्मी रक्कम तरी चालू राहावी. हाडाला बारीक चीर गेली तर पुन्हा स्पर्धेत उतरेपर्यंत तीन-चार महिने सहज जातात. गरोदरपणाबद्दल करारात एक शब्दही नाही. मुलगी 20 वर्षांची आहे, आज हा विषय दूरचा वाटेल, पण ॲलिसन फेलिक्स या ऑलिंपिक सुवर्णविजेत्या धावपटूलाही आई होण्याच्या सुमारास नाइकीने पूर्वीपेक्षा 70 टक्के कमी रक्कम देऊ केली होती. तिने 2019 मध्ये हे जाहीरपणे लिहिल्यावर आणि इतर धावपटूही बोलू लागल्यावर कंपनीला 18 महिने कपात न करण्याचे धोरण आणावे लागले. एवढ्या मोठ्या खेळाडूला जे भांडून मिळवावे लागले, ते आपण आधीच कागदावर घ्यावे.

करार संपल्यावर 180 दिवसांत दुसऱ्या कंपनीने काही देऊ केले, तर तेवढेच देऊन मुलीला अडवून ठेवण्याचा हक्कही या कंपनीने लिहून घेतला आहे. क्रिकेटपटू झहीर खान यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये, करार संपल्यानंतर लागू होणारी अशी अट भारतीय करार कायद्याच्या कलम 27 खाली टिकत नाही, असे ठरवले आहे. पण न्यायालयात जाऊन ते सिद्ध करण्याचा खर्च आपल्याला झेपणारा नाही, म्हणून ते वाक्यच काढून टाकायला सांगावे.

बुटांचे चार जोडही पुरेसे नाहीत. आठवड्याला 110 किलोमीटर म्हणजे वर्षाला साडेपाच हजार किलोमीटर होतात आणि डांबरी रस्त्यावर साधारण 700 किलोमीटरनंतर टाचेखालचा फोम दबून बूट निकामी होतो. तिला आठ जोड लागतील. चांगला जोड 9,000 रुपयांचा धरला तर उरलेले चार जोड म्हणजे 36,000 रुपये, आणि कंपनीला ते रोख वाढवून देण्यापेक्षा सोपे जाईल. ट्रॅकवरचे बूट वेगळे मागावेत. 1 नोव्हेंबर 2024 पासून ट्रॅकवर 20 मिलिमीटरपेक्षा जाड तळवा चालत नाही.

पोलीस भरतीची तयारी अजिबात सोडू नये. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, त्यामुळे राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रे जपून ठेवून त्यांची क्रीडा विभागाकडून पडताळणी करून घ्यावी. नोकरी लागल्यावर मात्र अशा व्यावसायिक कराराला वरिष्ठांची परवानगी लागते. म्हणून शासकीय नोकरी मिळाल्यास कोणतीही भरपाई न देता मुलीला करार सोडता येईल, हे वाक्य करारात हवेच. माझ्या मते हीच मागणी सर्वांत महत्त्वाची आहे.

कराविषयी थोडक्यात सांगतो. कंपनी हप्त्यातून 10 टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापेल, आणि वर्षभरात दिलेल्या वस्तूंची किंमत 20,000 रुपयांवर गेली तर त्यावरही कर भरला जाईल. मुलीचे दुसरे उत्पन्न नसल्याने मुदतीत विवरणपत्र भरले की ही रक्कम परत मिळेल.

शिल्लक पैशांतून प्रथम वर्षभराच्या खर्चाएवढी, म्हणजे 1 लाख 44 हजारांची मुदत ठेव मुलीच्या नावाने करावी, म्हणजे हप्ते थांबले तरी सराव थांबणार नाही. त्यानंतर आरोग्य आणि अपघात विमा घ्यावा; त्यात व्यावसायिक खेळातील दुखापत वगळलेली नाही ना, हे पाहावे. पीक कर्ज या पैशांतून आधीच फेडण्याची घाई नको, कारण डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे 3 लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडणाऱ्याला व्याज पडत नाही.

नोकरीची आणि दुखापतीची अशा दोन अटी कंपनीने लेखी मान्य केल्या, तर बाकीच्यांवर थोडी तडजोड करून सही करण्यास हरकत नाही. या दोन्ही नाकारल्या, तर एकच वर्षाचा करार मागावा. सही मुलीने स्वतः सर्व पाने वाचून करावी, जामीनदार म्हणून आपण कुठेही सही करू नये, आणि हप्ते थेट तिच्याच नावाच्या बचत खात्यात जमा होतील असे करारात लिहून घ्यावे.