हौसेने समुद्रात सॅल्मन पकडणारे लोक एकमेकांना मदत करतात, की आपापल्या जागा लपवून ठेवतात?

दोन्ही करतात. तुम्ही लिहिलंय की मुलाकडे सिएटलला चाललोय, तो बोट घेतोय, तर तिथले लोक नवख्याला, आणि त्यातून आपल्यासारख्याला, नीट वागवतात का. मी तिथून जवळच एव्हरेटला राहतो, सात वर्षं झाली या नादाला लागून. मूळचा देवगडचा, लहानपणी जेटीवर गरवायला जायचो, त्यामुळे वाटलं होतं आपल्याला कोण काय शिकवणार. तो माज पहिल्याच दिवशी उतरला.

इथे पकडायची पद्धत म्हणजे बोट एकदम हळू चालवत ठेवायची, डाऊनरिगर म्हणजे बोटीवरचं तारेचं रीळ, त्याच्या तारेला पाचेक किलोचा गोळा लावून आमिष खाली सोडायचं, आणि चांगल्या सकाळी शेजारीपाजारी पन्नास बोटी अशाच फिरत असतात. गळाला उलटा काटा ठेवायला बंदी आहे, त्यामुळे दोरी जरा ढिली पडली की मासा सुटलाच. म्हणून ज्याला मासा लागतो तो, किंवा त्याच्या बोटीवरचा कोणीतरी, मासा पाण्यातून उचलायचं दांड्याचं जाळं वर उचलून धरतो आणि आजूबाजूचे सगळे बाजूला होतात. मला हे कुठे माहीत, मला वाटलं माणूस हात हलवतोय, मीही हसून हात केला आणि त्याच्या मागून बोट काढली. त्याचा मासा गेला. त्याने जे काही सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही. पण संध्याकाळी धक्क्यावर तोच स्वतःहून आला, जाळं म्हणजे काय, कोणी कोणाला वाट द्यायची, आणि पाठीवर शेपटीजवळचा छोटा पर कापलेला असेल तोच हॅचरीचा, म्हणजे केंद्रात पिलं वाढवून सोडलेला मासा, त्या दिवसांत तेवढाच ठेवायचा, जंगली कोहो (सॅल्मनचीच एक जात) असेल तर बोटीत घ्यायचाही नाही, पाण्यातच सोडायचा, हे सगळं अर्धा तास उभं राहून सांगितलं. वर आमिषाच्या हेरिंग माशांचं उरलेलं पाकीटही दिलं.

आता मदतीचं. तिसऱ्या वर्षी पझेशन बारला, म्हणजे व्हिडबी बेटाच्या दक्षिण टोकाला, माझं इंजिन बंद पडलं. पेट्रोलमध्ये पाणी गेलं होतं हे नंतर कळलं. किकर म्हणजे जादा छोटं इंजिन माझ्याकडे नव्हतं, पैसे वाचवले होते ना. ओहोटीचं पाणी जोरात आणि तिथून पश्चिमेला सिएटल-टाकोमाच्या कंटेनर जहाजांचा रस्ता, त्यातलं एक जहाज लांबून दिसलं तेव्हा पोटात गोळा आला. रेडिओवर मदतीसाठी १६ नंबर लावणार इतक्यात शेजारच्या बोटीवरच्या म्हाताऱ्याने मला इंजिनचं झाकण काढून बसलेलं बघितलं. मासे ऐन भरात लागत होते, त्याच्या डोळ्यासमोर दोघांनी जाळी उचललेली, आणि या बाबाने काही न बोलता दोन्ही गोळे वर घेतले, दोऱ्या गुंडाळल्या आणि माझ्याकडे आला. एव्हरेटपर्यंत ओढत आणलं, पावणेदोन तास. त्याची सकाळ तिथेच संपली. मी शंभर डॉलर काढले तर माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी नोटा परत खिशात घातल्या. म्हणाला, दोरी दे माझी, आणि ही असली गाठ परत मारू नकोस, मग धक्क्यावरच्या खुंटाला दोरी कशी बांधायची ते माझ्याकडून तीनदा करून घेतलं. जाताना एवढंच, "किकर घे आधी." घेतला, जुना, आठ हॉर्सपॉवरचा. तेव्हापासून मी दोघांना ओढून आणलंय आणि दोघांनाही हेच ऐकवलंय.

लपवण्याचं म्हणाल तर खोटं बोलतात, सर्रास. "कुठे लागला" विचारलं तर "पाण्यात". खोली नव्वद फूट सांगतील, असेल एकशे तीस. पण आमिष मागितलं, जाळं पाण्यात पडलं, बॅटरी उतरली, तर नाही म्हणणारा मला अजून भेटला नाही. भांडणं बघायची असतील तर पहाटे पाचला बोटी उतरवायच्या रॅम्पवर जा, तिथे सगळे एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात, तीच माणसं पाण्यात गेली की वेगळी होतात. आपल्या रंगामुळे कोणी तुटक वागलं का? एकदोनदा, रॅम्पवरच.

आणि एक मुंडक्यांची गंमत. इथले लोक सॅल्मनचं डोकं फेकून देतात! मासे साफ करायच्या टेबलावर मी माझी मुंडकी पिशवीत भरताना बघून एकाने विचारलं याचं काय करतोस, मी म्हटलं तिरफळ घालून सार. पुढच्या वेळी डबा नेला, घामाघूम झाला पण संपवला. तेव्हापासून कोणी ना कोणी हाक मारतं, तुला डोकी हवीत ना. आता यात मला प्रतिस्पर्धी एकच, मत्स्य खात्याची पोरं, ती रॅम्पवर माशाच्या तोंडावरून यंत्र फिरवतात, हॅचरीत काही पिलांच्या नाकात बारीक तार घालतात ती सापडली की नाकाडच कापून नेतात, अभ्यासाला. न्या बाबा.

मागच्या रविवारी बोट धुऊन गाडीकडे आलो तर कूलरवर बर्फाची पिशवी ठेवलेली, आत चार मुंडकी, दोन तर चांगली मोठी, किंग जातीच्या सॅल्मनची. कोणी ठेवली अजून माहीत नाही. बायको म्हणते, त्यांना सांग आता बास, फ्रीजरमध्ये मटारला जागा उरली नाहीये.