वेगळा देश मागणारे खासदार युरोपियन संसदेत खरंच कायद्याचं काम करतात का?

हो, करतात, आणि त्यातल्या एका बाईंनी पुढे नेलेल्या कायद्याचा नंबर मी गेली कित्येक वर्षं ऑफिसात जवळजवळ रोज टाइप करतोय, म्हणून लिहायला बसलो.

तुमचा प्रश्न असा की कॅटलोनिया, स्कॉटलंड, वेल्स इथले 'आम्हाला वेगळं व्हायचंय' म्हणणारे पक्ष युरोपियन संसदेत एखाद-दुसरा माणूस निवडून पाठवतात (स्कॉटलंड-वेल्सवाले २०२० पर्यंत पाठवायचे), मग सातशेच्या वर खासदारांत तो माणूस झेंडा घेऊन फोटो काढण्यापलीकडे काय करणार. असं वाटणं साहजिक आहे, कारण आपल्यापर्यंत बातम्या येतात त्या कॅटलोनियाचे माजी अध्यक्ष कार्लेस पुजदेमॉन यांच्या, त्यांचं अटक वॉरंट, त्यांची इम्युनिटी (खासदार म्हणून खटल्यापासून मिळणारं संरक्षण) आणि मार्च २०२१ मध्ये संसदेनं ती कशी काढून घेतली वगैरे. कायद्याचं काम कमिटीच्या खोलीत चालतं, महिनोन्‌महिने चालतं, आणि त्याची बातमी होत नाही.

मी भोसरीत सर्किट बोर्ड असेंब्लीच्या एका युनिटमध्ये क्वालिटीचं काम बघतो. आमचा बराचसा माल पुढे कोणाच्या तरी मशीनमध्ये बसून युरोपला जातो. आता तुमच्या घरातला मोबाईलचा चार्जर उलटा करून बघा, बारीक अक्षरांत सीईचं चिन्ह (माल युरोपच्या नियमांत बसतो असं सांगणारं) असतं आणि बऱ्याचदा शेजारी 'रोह्स' असं छापलेलं असतं. रोह्स म्हणजे इलेक्ट्रिक आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये घातक पदार्थ किती चालतील ते ठरवणारा युरोपियन युनियनचा कायदा. शिसं, पारा, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम आणि प्लास्टिकला आग लवकर लागू नये म्हणून घालतात त्यातली दोन ब्रोमीनवाली केमिकल्स, ही वजनाच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाहीत, आणि कॅडमियम तर ०.०१ टक्क्याच्या वर चालत नाही. पहिला कायदा २००२ चा, तो १ जुलै २००६ पासून लागू झाला. नंतर तो पूर्ण नव्यानं लिहिला गेला, २०११/६५/ईयू, आणि मी टाइप करतो तो हाच नंबर. हा नवा कायदा संसदेतून नेण्याची जबाबदारी जिल एव्हान्स यांच्यावर होती.

जिल एव्हान्स वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यातल्या, कोळशाच्या खाणींचा भाग तो. पक्ष प्लाइड कमरी, म्हणजे वेल्स स्वतंत्र देश व्हावा असं मानणारा. १९९९ ते २०२० अशी वीस वर्षं त्या युरोपियन संसदेत होत्या. २००९ च्या निवडणुकीनंतर संसदेत ७३६ खासदार होते, त्यात वेल्सच्या वाट्याला ४ जागा आणि त्या चारांत प्लाइडच्या एकट्या याच. म्हणजे ७३६ मध्ये एक. तुमचा प्रश्न नेमका इथेच येतो ना, की एकटा माणूस काय करणार?

तर तिथली पद्धत समजून घ्या. खासदार तिथे देशानुसार बसत नाहीत, गटानुसार बसतात. स्कॉटलंड, वेल्स, कॅटलोनिया, कॉर्सिका, फ्लँडर्स वगैरे ठिकाणच्या अशा पक्षांचा युरोपियन फ्री अलायन्स म्हणून एक छोटा समूह आहे, २००९ मध्ये त्यांचे जेमतेम ७ जण होते, पण ते ग्रीन पक्षांबरोबर एकत्र बसतात आणि मग तो गट पन्नाशीच्या वर जातो. युरोपियन कमिशनकडून, म्हणजे युनियनच्या सरकारसारख्या यंत्रणेकडून, कायद्याचा प्रस्ताव आला की तो विषयाप्रमाणे एखाद्या कमिटीकडे जातो, आणि कमिटीत प्रत्येक गटाला त्याच्या संख्येप्रमाणे पॉइंट असतात, ते पॉइंट खर्च करून गट म्हणतो हा विषय आमच्याकडे द्या. ज्याला तो मिळतो तो रॅपोर्टर. आपल्याकडे याला नेमका जोड नाही, आपल्याकडे बिल मंत्री मांडतो आणि तोच नेतो. तिथे रॅपोर्टर कुठल्याही पक्षाचा असू शकतो, आणि तो कायद्याच्या कलमांत काय बदल हवेत त्याचा पहिला मसुदा लिहितो, बाकीच्या गटांच्या माणसांशी एकेका शब्दावर तडजोड करतो आणि शेवटी सगळ्या देशांच्या सरकारांच्या प्रतिनिधींसमोर संसदेच्या वतीनं वाटाघाटीला बसतो. म्हणजे ज्या बाईंच्या देशाला तिथे स्वतःची खुर्चीच नाही, त्या समोर बसून जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटनच्या सरकारांशीसुद्धा बोलणी करत होत्या. मला यात फार मोठी गोष्ट वाटते.

आता रोह्सचं बघा. कमिशनचा प्रस्ताव डिसेंबर २००८ मध्ये आला होता आणि तो तसा बेताचा होता, त्या सहा पदार्थांपलीकडे नवीन बंदी त्यात नव्हती. एव्हान्स यांनी पर्यावरण कमिटीत मागणी लावून धरली की पीव्हीसी आणि ब्रोमीनवाली सगळीच फ्लेम रिटार्डंट (आग रोखणारी केमिकल्स) यावर पण बंदी आणा. कारण साधं आहे. वस्तू वापरात असताना पीव्हीसीची वायर निरुपद्रवी वाटते, पण ती भंगारात गेली की तांब्यासाठी उघड्यावर जाळतात आणि त्या धुरात डायॉक्सिन नावाचं विष निघतं, आणि ही जाळपोळ लंडनला कोण करत बसत नाही, ती दिल्लीत सीलमपूरला होते, घानात होते. तिथे पोरं-बायका वायरींच्या ढिगाशेजारी बसून काम करतात. युरोपच्या बंदीचा फायदा सगळ्यात आधी ज्यांना झाला असता ते लोक त्यांचे मतदार नव्हते आणि कधी होणारही नव्हते, तरी त्यांनी हा मुद्दा घेतला.

मिळालं नाही ते. उद्योगाकडून जोरदार विरोध झाला, जून २०१० मध्ये कमिटीचं मतदान झालं तेव्हा पीव्हीसी थेट बंदीच्या यादीत गेलं नाही, नंतर सरकारांशी बोलणी करताना आणखी काही गोष्टी सोडाव्या लागल्या, सोलर पॅनलला कायद्यातून वगळलं गेलं. २४ नोव्हेंबर २०१० ला पूर्ण संसदेत मतदान झालं, ६४० बाजूने, ३ विरोधात, १२ तटस्थ. इतकी मतं तेव्हाच पडतात जेव्हा सगळ्यांना थोडं थोडं दिलेलं असतं, आणि असं देता येणं हेच या कामातलं कसब आहे असं माझं मत.

मग मिळालं काय? तीन गोष्टी सांगतो ज्या मला रोज भेटतात. जुन्या कायद्यात ठरावीक प्रकारच्या वस्तूंची यादी होती, यादीत नाव नसलं की सुटका. नव्यात उलटं केलं, वीज लागणारी प्रत्येक वस्तू आत, वगळायची असेल तर ती नाव घेऊन वगळायची, आणि हे टप्प्याटप्प्यानं, मेडिकल उपकरणं २०१४ पासून, बाकी राहिलेलं सगळं २२ जुलै २०१९ पासून. दुसरं म्हणजे रोह्स सीई चिन्हाला जोडलं गेलं, त्यामुळे नुसतं 'आम्ही पाळतो' म्हणून चालत नाही, प्रत्येक मालाची टेक्निकल फाइल ठेवावी लागते आणि तिच्यावर कोणीतरी जबाबदार माणसानं सही करावी लागते. आमच्याकडे याचं एक अख्खं कपाट आहे. एका साध्या पॉवर सप्लायच्या बोर्डावर पन्नास-साठ वेगवेगळे पार्ट सहज असतात, त्या प्रत्येकाच्या सप्लायरचं डिक्लेरेशन मागवायचं, जुनं झालं की परत मागवायचं, आणि एकाचं जरी आलं नाही तरी डिस्पॅच थांबतो. तिसरं, नवे पदार्थ यादीत घालायचा रस्ता कायद्यातच लिहून ठेवला, आणि कोणते पदार्थ आधी तपासायचे त्यांची नावं प्रस्तावनेत घातली.

या तिसऱ्या गोष्टीचं महत्त्व मला २०१५ नंतर कळलं. त्या वर्षी यादीत चार थॅलेट आले, आणि बहुतेक वस्तूंसाठी ते २०१९ पासून लागू झाले. थॅलेट म्हणजे पीव्हीसी मऊ पडावं म्हणून घालतात ते, केबलचं वरचं आवरण वाकतं ते त्याच्यामुळे. त्या चारातल्या तिघांची नावं २०११ च्या प्रस्तावनेत आधीच होती. म्हणजे २०१० मध्ये पीव्हीसीवर बंदी आली नाही, पण पीव्हीसीतला एक घातक भाग पाच वर्षांनी त्याच कायद्याच्या दुसऱ्या दारातून बाहेर गेला. आम्हाला त्रास झाला तेव्हा, खोटं कशाला बोलू. शिसं-कॅडमियम आमच्या एक्सआरएफ मशीनवर दोन मिनिटांत दिसतं, थॅलेट त्यात दिसतच नाही, कारण ते मशीन मूलद्रव्य ओळखतं आणि थॅलेट म्हणजे कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, जे कुठल्याही प्लास्टिकमध्ये असतंच. केबलचे तुकडे कापून लॅबला पाठवायचे, पैसे भरायचे, रिपोर्टची वाट बघायची. एका सप्लायरची केबल नापास झाली आणि आम्ही ती अख्खी लॉट परत पाठवली.

तरी मी या कायद्याच्या बाजूचा आहे आणि त्याचं कारण शिसं. मी कामाला लागलो तेव्हा आमच्या लाइनवर एक काका होते, हाताने सोल्डरिंग करायचे, एका हातात गन, दुसऱ्या हातात बोर्ड, आणि तिसरा हात नाही म्हणून सोल्डरची तार दातात धरायचे. ती साठ-चाळीसची तार, म्हणजे त्यात चाळीस टक्के शिसं. वर्षानुवर्षं तशीच दातात. कोणी सांगितलं तर म्हणायचे, "अरे इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होतंय!" पुढे युरोपच्या ऑर्डरी आल्या तशी ती तार बंद झाली आणि कथील-चांदी-तांब्याची आली. ती वितळायला जास्त तापमान लागतं, आधी १८३ डिग्रीला काम व्हायचं तिथे २१७ च्या पुढे जावं लागतं, सगळं सेटिंग बदललं, सुरुवातीला जॉइंट खराब यायचे, काका वैतागले होते. पण त्यांच्या जागेवर आता जी मुलगी बसते तिच्या तारेत शिसं नाही. आणि हे नुसतं एक्स्पोर्टच्या मालापुरतं राहिलं नाही, आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम मे २०१२ पासून लागू झाले त्यातही तेच सहा पदार्थ आणि त्याच मर्यादा आल्या.

तुम्ही म्हणाल हे पर्यावरणाचं झालं, यात त्यांच्या वेल्सचं काय? तर तेही आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये एव्हान्स यांचा दुसरा एक रिपोर्ट संसदेनं मंजूर केला, डिजिटल युगात भाषांना समान वागणूक मिळावी असा विषय. कॉम्प्युटर, फोन, भाषांतराची सॉफ्टवेअर, बोललेलं ओळखणारी यंत्रं हे सगळं मोठ्या भाषांपुरतं झालं तर लहान भाषा मागे पडतील, म्हणून त्यांच्यासाठी पैसा आणि संशोधन ठेवा अशी मागणी. ५९२ मतं बाजूने, ४५ विरोधात. २०१३ मध्ये कॉर्सिकाच्या स्वायत्ततेसाठी लढणारे फ्रांस्वा अल्फोन्सी यांनी धोक्यात असलेल्या भाषांवर असाच रिपोर्ट नेला होता, ६४५ मतांनी. दोन्ही मतदानं ११ सप्टेंबरची, पाच वर्षांच्या अंतरानं, आणि ११ सप्टेंबर हा कॅटलोनियाचा राष्ट्रीय दिवस. हा योगायोगच असणार, पण मला तो आवडतो.

हे दोन रिपोर्ट म्हणजे ठराव, कायदा नाही, कोणावर बंधन नाही. तरी २०१८ च्या ठरावामधूनच पुढे युरोपियन लँग्वेज इक्वालिटी नावाचा प्रकल्प उभा राहिला आणि २०२१ मध्ये कामाला लागला. आणि बघा, वेल्श ही युनियनची अधिकृत भाषा नव्हती, म्हणजे ज्या सभागृहात हा रिपोर्ट मंजूर झाला तिथे त्यांच्या भाषेत केलेलं भाषण दुभाष्यांनी उचललं नसतं. वेल्श बोलणारे २०२१ च्या जनगणनेत साडेपाच लाखाच्या आतच भरले. आपण मराठीवाले आठ कोटींच्या वर आहोत आणि तरी मला फोनला मराठीत सांगितलेलं दहातलं चारदा परत सांगावं लागतं. म्हणून तो रिपोर्ट मी जरा जास्तच मन लावून वाचला.

मर्यादा पण सांगतो, नाहीतर चित्र अर्धवट राहील. तिथे खासदार स्वतः कायद्याचा प्रस्ताव आणू शकत नाही, तो हक्क कमिशनचा, त्यामुळे 'वेल्सला स्वातंत्र्य द्या' असलं काही त्या संसदेत मतदानाला येतच नाही. तो लढा घरीच लढावा लागतो. आणि घरी तर २०१६ च्या सार्वमतात वेल्सनंच ५२.५ टक्क्यांनी युरोपियन युनियन सोडायला मत दिलं. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं तेव्हा एव्हान्स यांची खासदारकी संपली, वेल्सच्या चारही जागा गेल्या. २०११/६५/ईयू मात्र चालू आहे.

तुम्हाला दुसऱ्या कोणाचं काम तपासायचं असेल, कॅटलानांचं किंवा स्कॉटिशांचं, तर युरोपियन संसदेच्या साइटवर प्रत्येक आजी-माजी खासदाराचं पान असतं. भाषणांची यादी सोडून द्या, ती लांबलचक असते आणि त्यातून फार कळत नाही. 'रॅपोर्टर म्हणून केलेले रिपोर्ट' असा भाग असतो तो उघडा, आणि त्याखाली 'शॅडो रॅपोर्टर' असतं ते पण बघा, कारण लहान पक्षांची माणसं बऱ्याचदा आपल्या गटाच्या वतीनं तिथे बसून कलमांत बदल करून घेतात. ज्याचे ते दोन्ही भाग रिकामे आहेत त्याच्याबद्दल तुमची शंका बरोबर समजा.