गांधीहत्येवर आधी कुठलं पुस्तक वाचावं?

प्रश्न: सर, दर ३० जानेवारीला आमच्या फॅमिली ग्रुपवर नथुरामचं कोर्टातलं निवेदन फॉरवर्ड होतं. यंदा बारावीतल्या मुलाने ते वाचलं आणि विचारलं, आई, पाकिस्तानला द्यायच्या ५५ कोटींमुळेच मारलं का? मला धड सांगता आलं नाही. आम्ही दोघं मिळून वाचू अशी पुस्तकं सुचवा ना. इंग्लिश चालेल.
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, निवेदन जरूर वाचा, पण ते आरोपीने स्वतःच्या बाजूने केलेलं भाषण आहे, आणि खुनाची हकीकत फक्त आरोपीच्या तोंडून ऐकून आपण दुसऱ्या कुठल्या केसमध्ये मत बनवतो का? म्हणून सुरुवात तिथून नको.

य. दि. फडक्यांचं 'नथुरामायण' आधी घ्या. फडके इतिहासाचे अभ्यासक, त्यामुळे नथुरामच्या बाजूने केले जाणारे दावे ते पुराव्यांशी ताडून बघतात. गांधीजींनी ५५ कोटींसाठीच उपोषण केलं या दाव्यासाठी त्यांचे सेक्रेटरी प्यारेलाल यांचं 'द लास्ट फेज' बघा. उपोषण १३ जानेवारी १९४८ ला सुरू झालं, पैसे द्यायचा निर्णय १५ ला जाहीर झाला, तरी उपोषण सुटलं १८ ला, कारण ते सोडायच्या ज्या सात अटी होत्या त्या सगळ्या दिल्लीतल्या मुसलमानांची सुरक्षितता, मशिदी परत देणं अशा होत्या, त्यात ५५ कोटी नाहीतच! मुलाला हे आधी दाखवा.

कट कसा शिजला ते मनोहर माळगावकरांच्या 'द मेन हू किल्ड गांधी'त आहे. वाचायला घेतलं की सुटत नाही, फक्त त्यातली बरीच माहिती सुटून आलेल्या आरोपींकडूनच मिळालेली आहे हे लक्षात असू द्या. मराठीत जगन फडणीसांचं 'महात्म्याची अखेर' आहे.

पण मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे हत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाचा १९६९ चा रिपोर्ट. रटाळ आहे, मोठा आहे, तरी २० ते ३० जानेवारीचा भाग वाचाच. २० तारखेला गांधीजी राहत होते त्या दिल्लीच्या बिर्ला हाऊसमध्ये स्फोट झाला, कटातला मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला, त्याच्याबद्दल मुंबईच्या रुईया कॉलेजचे प्रोफेसर जैन यांनी मुंबई प्रांताचे तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाईंना सांगितलं, मदनलालच्या जबाबात कटातल्याच नगरच्या करकरेचा आणि नथुराम संपादक असलेल्या मराठी पेपरचा उल्लेख आला, आणि तरीही दहा दिवसांत दिल्ली आणि मुंबई पोलिसांना हे धागे जोडता आले नाहीत, आरोपींना चेहऱ्याने ओळखणारा पुण्याचा एकही पोलीस बिर्ला हाऊसवर उभा केला नाही. हे वाचताना अजूनही माझा संताप होतो. हा माणूस वाचू शकला असता.

नथुरामच्या खटल्याच्या अपिलातले एक न्यायाधीश जी. डी. खोसला यांनीही लिहिलंय. कोर्टातले लोक नथुरामचं बोलणं ऐकून रडत होते हा त्यांचा उतारा तोडून फिरवला जातो, त्याच खोसलांच्या बेंचने त्याची फाशी कायम केली हे कोणी पुढे टाकत नाही.

आणि तुम्ही सांगलीच्या, म्हणून व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' नक्की. कादंबरी आहे. हत्येनंतर आपल्या भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, त्या दिवसांची. मुलाला वाचू द्या, आणि घरात त्या वेळचं आठवणारं कोणी असेल तर त्यांना आत्ताच विचारून घ्या.